आयडलिंगला गाडी थरथरते? आधी आयएसी व्हॉल्व्ह साफ करा

आयएसी (आयडल एअर कंट्रोल) म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनला लागेल तेवढी हवा सोडणारा व्हॉल्व्ह. लगेच नवा घेऊ नका, बहुतेकदा नुसता कार्बन साचलेला असतो. त्याआधी व्हॅक्यूमचे पाइप तडकलेत का बघा. हवा तिथून ओढली जात असेल तर सफाई फुकट. (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरला केबल नसलेली गाडी, असेल तर हा व्हॉल्व्ह वेगळा नसतोच.)

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) व्हॉल्व्ह सोडवा, टोक खाली धरून थ्रॉटल बॉडी क्लीनर मारा, काळा थर मऊ ब्रशने काढा. व्हॉल्व्ह बसायची जागाही पुसा, ती हमखास राहते.

नवखे चुकतात ते इथे:
- व्हॉल्व्हच्या टोकाची पुढे-मागे सरकणारी पिन हाताने दाबणं-ओढणं. आतले बारीक आटे जातात.
- व्हॉल्व्हच्या मोटरच्या बाजूला स्प्रे.
- चपटलेली ओ-रिंग (रबरी सील) परत बसवणं.

वाळल्यावरच जोडा. सुरुवातीला आरपीएम वरखाली होईल; ॲक्सिलरेटर न दाबता चालू राहू द्या.