पाटीवर काय लिहायचे, हा खरा प्रश्न

परदेशात गेलेल्या वस्तू परत आणणे हाच संग्रहालयांपुढचा सर्वांत मोठा नैतिक प्रश्न आहे का, असे आपण विचारले आहे. तो मोठा आहे, यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे अजब बंगल्याच्या फेऱ्या मारलेल्या माझ्यासारख्या निवृत्त इतिहासशिक्षकाला त्याहून अवघड वाटतो तो वस्तूशेजारच्या पाटीचा प्रश्न. ('मध्यवर्ती संग्रहालय' हे अजब बंगल्याचे सरकारी नाव नागपुरात कोणा रिक्षावाल्याला सांगून पाहावे.)

२०२५ च्या फेब्रुवारीत त्या बंगल्यात वाघनखे आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती महाराष्ट्राला तीन वर्षांच्या मुदतीने उसनी दिली आहेत. सोबतच्या पेटीवरील मजकुरानुसार ती शिवाजी महाराजांची असून, इंग्रज अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला दिली. मात्र महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे त्याच संग्रहालयाचे म्हणणे आहे. आता पाहणारा पादत्राणे काढून हात जोडत असेल, तर पाटीवर ही शंका लिहावी की नाही? माझ्या मते ती लिहावी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत नव्हे, तर मूळ मजकुराच्याच आकारात. श्रद्धा दुखावेल म्हणून माहिती दडवणारा संग्रहालयप्रमुख भाविकालाही अज्ञानी समजत असतो.

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक टोचणारा आहे. १८७० मध्ये बालाघाटातील गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या मुलांना तांब्याची ४२४ प्राचीन अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्या साठ्याचा काही भाग ब्रिटिश म्युझियमकडे गेला, तर काही नागपूरच्या संग्रहालयात आला, कारण त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी येथे होती. बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. लंडनकडे बोट दाखवून आपण जो युक्तिवाद करतो, तोच उद्या बालाघाटने आपल्यासमोर मांडला तर आपण काय उत्तर देणार? राजधानीने खेड्यांतून, विशेषतः गोंड मुलखातून, वस्तू गोळा कराव्यात आणि त्या खेड्यातल्या माणसाने तिकीट काढून त्या पाहाव्यात, ही रचना केवळ इंग्रजांची नव्हती. ती आपण तशीच पुढे चालवली आहे. या साठ्याच्या पाटीवर त्या गुराखी मुलांचा उल्लेख असलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

१९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने नोंदणी आणि निर्यात यांची चौकट आखून दिली. पण मालकीमागचा न्याय कायद्याच्या कलमात बसत नाही. त्याचे ताजे उदाहरण नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचेच आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली. आपली वस्तू पैसे मोजून परत घ्यावी लागणे मला अपमानास्पद वाटते, शिवाय त्याने लिलावाच्या बाजाराला बळ मिळते. तरीही ती दुसऱ्या कोणा संग्राहकाच्या कपाटात जाऊ देणे त्याहून वाईट झाले असते. तिची पाटी माझ्याकडे लिहायला आली असती, तर 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा' हा पात्यावरचा मजकूर, मोजलेली रक्कम आणि 'ती लुटीत गेली की भेट म्हणून, हे ठरलेले नाही' हे वाक्य, असे तिन्ही मी एकाच टाइपात छापले असते.