वाचकांचे प्रश्न : डॉक्टर आल्या, तरी सिझेरियन का होत नाही?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ रुजू झाल्या. शस्त्रक्रियागृहही आहे. तरी अडलेल्या बाईला तीन तासांवरच्या जिल्हा रुग्णालयात धाडतात. असं का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : सिझेरियन एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम नाही. भूल देणारा डॉक्टर हवा, बाळ रडलं नाही तर त्याला सांभाळणारं कुणी हवं, आणि रक्त हवं. 'प्रथम संदर्भ केंद्र', म्हणजे खालच्या केंद्रांतून अवघड बाळंतपणं जिथे पाठवतात ते रुग्णालय, म्हणवून घ्यायचं तर शस्त्रक्रिया, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा या तिन्ही सोयी चोवीस तास लागतात. एक जरी नसली की रेफरची चिठ्ठी लिहिली जाते. अनेकदा अडतं ते भूलतज्ज्ञापाशी.

यावर तोडगा म्हणून एमबीबीएस डॉक्टरांसाठी भूल देण्याचं १८ आठवड्यांचं आणि सिझेरियनसह तातडीच्या प्रसूतिसेवेचं १६ आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. कल्पना उत्तम, घोळ नेमणुकीत होतो. भूल शिकलेला डॉक्टर एका रुग्णालयात आणि सिझेरियन शिकलेला दुसऱ्यात गेला, तर दोघांचंही शिक्षण पडून राहतं. शिवाय आठवड्याचे तास १६८. एकच तज्ज्ञ असेल तर तिच्या रजेच्या दिवशी सेवाच बंद. म्हणून 'पद भरलं' या उत्तरावर समाधान मानू नका.

रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत किंवा माहितीच्या अधिकारात हे विचारा : गेल्या तीन महिन्यांत सिझेरियन किती झाली? त्यांतली रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती? रक्ताच्या पिशव्या किती दिल्या? किती बाळंतिणी पुढे पाठवल्या, कोणत्या कारणाने? रात्रीचा आकडा शून्य असेल, तर रात्री कळा सुरू झालेल्या बाईसाठी ते रुग्णालय नाहीच, असं धरून चालावं लागतं. 'रक्तसाठा आहे' असं उत्तर आलं तर फ्रिज २ ते ६ अंशांवर चालतो का, तंत्रज्ञ आहे का, वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो का, तेही विचारा.

प्रश्न : सुनेचे दिवस ऑगस्टमध्ये भरतात. तेव्हा नाला भरून रस्ता बंद होतो. काय तयारी करू?
– एक वाचक, मेळघाट

उत्तर : आठव्या महिन्यातच आरोग्य सेविकेसोबत माता-बाल कार्ड उघडून बसा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबू नका, रुग्णालयातच उपचार हवेत. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, आधीचं सिझेरियन, जुळी, आडवं बाळ, यांपैकी काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रावर विसंबू नका. जिथे रात्रीही सिझेरियन होतं तिथेच बाळंतपण ठरवा आणि नाला भरण्याआधी जवळ जाऊन राहा. बाकीच्यांसाठी काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्रालगत 'माहेरघर' आहे. तारखेच्या काही दिवस आधी तिथे राहता येतं. जागा आहे का, हे आशाताईंकडून आधी विचारून ठेवा.

घाई करायची ती रक्तस्रावात. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. तो टाळण्यासाठी बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं असतं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं; उन्हात किंवा बंद फ्रिजमध्ये पडलं तर कुपी असूनही गुण कमी होतो. झटके आले तर पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायला सांगा : दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, स्नायूत खोलवर. पुढच्या रुग्णालयाला निघण्याआधी फोन झालाच पाहिजे, नाहीतर तिथे पोहोचल्यावर भूलतज्ज्ञाची शोधाशोध सुरू होते.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात सिझेरियनच्या औषधांचे पैसे मागितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, येणं-जाणं मोफत आहे. जेवणही : साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियनमध्ये ७ दिवस. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा. लेखी तक्रार आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या आणि पोच घ्या.