बीपीची गोळी, कॅल्शियमचा डबा आणि ज्येष्ठमध

प्रश्न : सासूबाई 63 वर्षांच्या आहेत. बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि क्लोरथॅलिडोन 12.5 अशी जोडगोळी रोज सकाळी घेतात. दिरांनी पुण्याहून कॅल्शियमचा डबा आणि ‘लो सोडियम’ मीठ आणलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी पाच महिने चालूच आहे. शिवाय पित्तासाठी ज्येष्ठमधाचं चूर्ण. सगळं एकत्र चालेल का? (निपाणी)

उत्तर : नाही, ताई. आधी ते मीठ बाजूला ठेवा. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं आणि त्याचं प्रमाण पाकिटाच्या मागे छापलेलं असतं. ते 30 टक्के असेल, तर 5 ग्रॅमच्या सपाट चमच्यातून पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त पोटॅशियम पोटात जातं. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर ते बाहेर पडतं. टेल्मिसार्टन मात्र हे बाहेर पडणं कमी करतं. रक्तात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 (mEq/L) असावं. ते 6 च्या पुढे गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते आणि कित्येकदा आधी काही जाणवतही नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) व पोटॅशियमची तपासणी करून डॉक्टर हो म्हणाले, तरच ते मीठ वापरा. तोवर साधंच मीठ, पण लोणचं-पापड धरून दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. सैंधवाला पथ्याचं मीठ समजतात, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

कॅल्शियमची भानगड वेगळी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम काढतं, कॅल्शियम मात्र शरीरात धरून ठेवतं. त्यात ‘ड’ आतड्यातून आणखी कॅल्शियम ओढून घेतं. 60,000 युनिटची पुडी बहुधा 8 आठवड्यांसाठी लिहून देतात. चिठ्ठीवर मुदत आहे का बघा. नसेल तर ती थांबवून डॉक्टरांना विचारा. डब्यावर ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ’ असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिग्रॅ. दूध-दही आणि नाचणी रोज पोटात जात असेल तर आणखी गोळी हवीच कशाला, हेही विचारून घ्या. सारखी तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. घरात ‘वय झालं’ म्हणून ती सोडून देतात. असं काही दिसलं तर सीरम कॅल्शियम तपासा.

ज्येष्ठमध मात्र बंदच करा. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर सोडियम व पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम घटतं. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घटवतं. टेल्मिसार्टन वाढवतं, ज्येष्ठमध कमी करतं, म्हणजे फिटंफाट, असा हिशेब काही जण मांडतात. शरीरात असा तराजू नसतो. खोकल्याच्या औषधावरही ‘यष्टिमधु’ किंवा ‘मुलेठी’ (ही ज्येष्ठमधाचीच नावं) लिहिलंय का पाहा. या सगळ्यात बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना बीपीसाठी अटेनोलॉल चालू आहे. आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून ते सर्पगंधाची पूड आणतात. ती निरुपद्रवी आहे ना? (खानापूर तालुका)

उत्तर : बिलकूल नाही. सर्पगंधाच्या मुळात रेसर्पिन असतं आणि ते खरोखर बीपी उतरवतं. धोका तोच आहे. चिमटीत ते किती आलं कुणालाच ठाऊक नसतं. अटेनोलॉलनं आधीच मंदावलेली नाडी त्यानं आणखी मंदावते. उठताना अंधारी येते, मन उदास राहतं. पूड थांबवा. अटेनोलॉल एकाएकी तोडू नका, बीपी उसळतं. नाडी 50 च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली तर थेट दवाखाना. पूड बंद झाल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा : पाच मिनिटं टेकून बसायचं, पट्टा उघड्या दंडाला, हात छातीच्या पातळीवर, एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा. त्याआधी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखूही नको.

प्रश्न : एक डॉक्टर बेळगावचे, एक कोल्हापूरचे. दोघांच्याही बीपीच्या गोळ्या घ्याव्यात का? (चिकोडी)

उत्तर : स्ट्रिपवर दोन नावं असतात : एक कंपनीनं दिलेलं ब्रँडचं, दुसरं औषधाचं. दोन्ही स्ट्रिपवरची औषधाची नावं जुळवून पाहा. दोन्हींवर टेल्मिसार्टन असेल तर डोस दुप्पट होतोय. पुढच्या वेळी जाताना सगळ्या स्ट्रिपा, डबे आणि पुड्या एका पिशवीत घालून न्या. घरचं चूर्णही त्यात असू द्या, कारण त्याचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नसतं.