इंग्रजी फॉर्मवर सही केली म्हणजे डॉक्टर सुटले का?

नाही. तुमची बहीण अंबडहून संभाजीनगरला आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) गेली आणि नर्सने पेन्सिलने फुल्या मारून दिलेल्या जागी तिने आणि नवऱ्याने सह्या ठोकल्या, एवढ्याने संमती होत नाही. २०२१च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आधी समजावून सांगणं क्लिनिकचंच काम आहे. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी नवरा-बायकोपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर एका प्रकरणात स्पष्टच केलं, की दुर्बिणीच्या तपासणीला दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायची परवानगी नव्हे. मात्र सगळं नीट सांगून, नीट करूनही गर्भ राहिला नाही, तर तेवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही. फॉर्मची झेरॉक्स मागा आणि मराठीत समजावून घ्या.