कचरा डेपोजवळच्या विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण कचऱ्यातून पाण्यात उतरलेले शिसं-कॅडमियमसारखे जड धातू जिथल्या तिथे राहतात. उलट पाणी आटलं की तेवढाच धातू कमी पाण्यात उरतो.

पुण्याजवळचं उरुळी देवाची-फुरसुंगी घ्या. शहराचा मिश्र कचरा तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर पडला, विहिरी नासल्या, गावं टँकरवर आली. अशा ढिगात बॅटऱ्या, रंगाचे डबे, सर्किट बोर्ड असं सगळं ओल्या कचऱ्यात मिसळलेलं असतं. ओला कचरा कुजताना सुरुवातीला आम्लं तयार होतात आणि त्यांत धातू विरघळतात. पावसाचं पाणी ते घेऊन खाली उतरतं. या काळ्या पाण्याला लिचेट म्हणतात. खाली चिकणमाती असेल तर ती बराचसा धातू धरून ठेवते. पण आपल्याकडचा बेसॉल्ट म्हणजे काळा खडक भेगाळलेला, त्यामुळे पाणी कुठल्या भेगेतून कुठे निघेल याचा नेम नाही. जवळची विहीर बरी आणि लांबची बोअर खराब, असंही होऊ शकतं.

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर) तर अजिबात विसंबू नका. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. एवढ्याशाचा त्या मीटरला पत्ताही लागत नाही. प्रयोगशाळेत ‘जड धातू’ असं स्पष्ट सांगून तपासणी करून घ्या, शक्यतो एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. त्या पाण्यावर पालक वगैरे लावला असेल तर अहवाल येईपर्यंत खाऊ नका. पालेभाज्या कॅडमियम फार सहज शोषतात.