छापील वजनावर जाऊ नका

प्रश्न : आम्ही दोघं कोलोरॅडोत राहतो. आमच्या पिकअपच्या दाराजवळच्या स्टिकरवर १,५५० पौंड लिहिलंय. १,३०० पौंडांचा कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात बसवायची राहण्याची खोली) चालेल ना?

उत्तर : नाही, घेऊ नका. स्टिकरवरचा आकडा म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. कॅम्परचं छापील वजन बहुधा रिकाम्याचं असतं. ३० गॅलन पाणीच २५० पौंड भरतं. त्यात तुम्ही दोघं, गॅस, बॅटरी, सामान धरलं की बेरीज सहज २,१०० वर जाते. एअरबॅग (सस्पेन्शनला लावायच्या हवेच्या पिशव्या) लावून मागची बाजू उचलली जाईल, पण अ‍ॅक्सल आणि टायर तेवढंच पेलतील. ७०० पौंडांच्या आतलं हलकं पॉप-अप (छत वर उचलता येणारं कॅम्पर) बघा. कॅम्परवरची गुरुत्वमध्याची खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच यायला हवी, नाहीतर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. खरेदीआधी इंधनाची टाकी भरून, दोघं बसून, ट्रक-स्टॉपच्या काट्यावर दोन्ही अ‍ॅक्सलचं वेगवेगळं वजन करून घ्या.