वाचकांचे प्रश्न : कार्डात अडकलेले तीन हजार फोटो

प्रश्न : वर्षापूर्वी १८-५५ मिमी झूम लेन्सचा कॅमेरा घेतला. पहिले चार महिने रोज फोटो काढले, आता पंधरा-पंधरा दिवस हात लागत नाही. कार्डात तीन हजार फोटो पडून आहेत, ते बघायचाही कंटाळा येतो. पुन्हा गोडी कशी लागेल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : गोडी आटण्याचं कारण बहुधा त्या तीन हजार फोटोंतच आहे. काढलेला फोटो निवडला नाही, कागदावर उतरवला नाही, तर आपला हात सुधारतोय का हेच कळत नाही. रोज १५ मिनिटं बसा आणि शंभरातला एकच ठेवा. महिन्याभरात तीस उरतील.

त्यानंतर आठ आठवडे एकच जागा धरा. तुमच्या दारात शुक्रवारचा बाजार आहे, याहून चांगली शाळा मिळणार नाही. लेन्स ३५ मिमीवर ठेवून झूमची कडी कागदी चिकटपट्टीने अडकवा. मग चौकट बदलायला पायांनीच पुढंमागं व्हावं लागतं आणि नजर तयार होते. कॅमेरा अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. छिद्र एफ ५.६, ऑटो आयएसओची (कॅमेरा स्वतः ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) वरची मर्यादा ३२००, शटरचा किमान वेग १/२५० सेकंद. छपराखाली अंधार असला की आयएसओ ३२००ला टेकतो आणि शटर गुपचूप १/६०वर घसरतं, तेव्हा व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यावर लक्ष असू द्या. गरज पडली तर मर्यादा ६४०० करा. फोटोत दाणे दिसले तरी चालतं, हललेला चेहरा मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. निळ्या ताडपत्रीखाली माणसं निळसर दिसतात, मयडे गावच्या केळ्यांचा पिवळा रंग हिरवट पडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढा आणि त्याच ताडपत्रीखाली पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळणी) घ्या. पण अर्धा चेहरा ताडपत्रीखाली आणि अर्धा उघड्या उजेडात असेल, तर एक बाजू बिघडणारच. तेव्हा विक्रेतीला न हलवता आपणच जागा बदलावी.

एका शुक्रवारी ३६च फोटो, जुन्या रोलसारखे. विचारूनच काढा. त्यातल्या दोघांच्या फोटोंच्या दोन-दोन ४×६ इंची प्रती छापा, एक संच भिंतीवर लावा आणि दुसरा पुढच्या शुक्रवारी ज्यांचा त्यांच्या हातात द्या. कुणीतरी आपल्या फोटोची वाट पाहतंय, हे कळलं की पावसातही पाय घरात ठरत नाही.

प्रश्न : एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. बुरशीचीही भीती वाटते.
– एक वाचक, पणजी

उत्तर : थंड काचेला दमट हवा लागली की दव धरणारच. गाडीत असतानाच कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा, उतरल्यावर २०-३० मिनिटं तसाच राहू द्या. वाफ पुसू नका आणि तेवढ्या वेळात लेन्स काढू तर अजिबात नका, ओल थेट सेन्सरवर जाते.

बुरशीसाठी घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग पालटला की ते तापवून सुकवावं. चामडी केस आणि कापडी बॅग ओल धरून ठेवतात, त्यामुळे पावसाळाभर कॅमेरा त्यांत ठेवू नका.